नमुना क्रमांक एकोणीस

ताळगावच्या पठारावर, दुसरा मजला, खिडक्या बंद.
पेन्सिलीत असतं तेच काळं
चिकटपट्टीने सोलत जायचं, सोलत जायचं,
शेवटी उरतात दोनच थर,
एकावर एक, किंचित सरकलेले,
घाईत घातलेल्या घडीसारखे.

सर म्हणाले होते, स्वच्छ हवा.
अठरा नमुने मी स्वच्छ करण्यात घालवले.
तरी कुठे सुरकुती, कुठे अणूची रिकामी जागा,
खालच्या काचेत अडकून बसलेला परका भार,
आणि एकदा तर, बोस्त्यांव शपथेवर सांगतो,
त्याच्याच चपलेवरून आलेली तांबडी माती.

गणित म्हणतं, या बिंदूवर कुणीच नको.
पण तिथे डबकी असतात,
सड्यावर पाऊस सरल्यावर राहतात तशी,
इथे भरलेली, तिथे उणी,
आणि वीज पाय भिजवत
एकातून दुसऱ्यात निघते.

एकोणिसावा मी धुतला नाही.
हेलियमचं पिंप तळाला गेलेलं. बोस्त्यांव म्हणाला,
"बाय, पुरो आतां, बस चुकतली."
बस चुकली.
चार अंशांवर रोध वाढू लागला.

एवढ्या थंडीत इलेक्ट्रॉन विसरत नाही
कुठून कसा आला ते.
मळाला धडकत धडकत एक फेरा घेतो,
आणि तोच फेरा, त्याच वेळी, उलटाही;
दोन्ही वाटा निघाल्या जागी
एकाच पावलावर पोचतात.
म्हणून तो जरा अडून राहतो. इतकंच.

दिवाडीला
गोकुळदास मानशीच्या डावीकडून, मी उजवीकडून,
खाजनाच्या बांधावर पळत सुटायचो.
चिखल, खेकड्यांची बिळं, कुणाचं तरी कुत्रं,
अडथळे दोघांना तेच, फक्त उलट्या क्रमाने.
परत मानशीवर, एकाच दमात.
कोण जिंकलं ते कधी कळलंच नाही.

मग चुंबक लावला. अगदी थोडा,
फ्रिजच्या दारावरच्या खेळण्याएवढाही नाही.
वाटांचं एकमेकींशी जमेना.
रोध उतरला, वीज पुढे निघून गेली,
आलेखावर मधोमध एक टोक तेवढं राहिलं.

गोकुळदास मस्कतला असतो.
साडेतीन गुंठे होते ते.

प्रबंधात लिहिलं: नमुना मळका, म्हणूनच हे दिसलं.
सरांनी 'मळका' खोडून 'अव्यवस्थित' केलं.
मी पुन्हा मळका.