अंगी लागणं

बरण्या चार. चिठ्ठ्या माझ्याच अक्षरात:
कोंबडी. शेळी. माणूस.
चौथीवर मी काही लिहिलेलं नाही.

आत विंचुका, ढेकणाच्याच भाऊबंदकीतल्या,
पण अंगठ्याच्या नखाहून मोठ्या,
पाठीच्या कडेनं पिवळे पट्टे, कुणी मापून शिवल्यासारखे.
पंख फुटायच्या आधी पाच वेळा कात टाकायची
आणि दर कातीआधी एकदा पोटभर रक्त.
तेवढं मिळालं नाही
तर वय तिथंच थांबतं.

मी नेमेसिया आरायुती, परापेती नदीकाठची.
पगार मिळतो अंडी मोजण्याचा.
कोंबडीची बरणी हात सैल सोडून देते:
अंडी आधी पांढरी, मग पिकताना गुलाबी,
मोजताना माझी बोटं चुकतात.
शेळीची बेताची.
माणसाच्या रक्तावर
(रक्तपेढीतून मुदत संपलेल्या पिशव्या येतात)
वाढतात, पण रडतखडत,
सावत्र घरी जेवायला बसल्यागत.

हे वहीत उतरवताना मला हसू आलं होतं.
एवढं आमचं रक्त आटवलं,
आणि मेल्यांच्या अंगी नाही लागलं!

बाप गेला तेव्हा फोटोत त्याचं हृदय
अर्धी छाती व्यापून बसलेलं.
डॉक्टर म्हणाले, लहानपणी कधीतरी चावली असेल.
बापाला ती रात्र आठवत नव्हती.

कोंबडीला यातलं काही होत नाही.
तो जंतू तिच्या रक्तात तगतच नाही, विझतो.
ती नुसती पोसते.
तिच्या जिवावर भिंतीत पिढ्या वाढतात,
आणि मग एखादी
कुत्र्याला चावून
माझ्या भावाच्या पांघरुणापर्यंत चालत येते.

रविवारी छापील कागद घेऊन घरी गेले.
आईच्या खाटेखाली अजून सात कोंबड्या, कोल्ह्याच्या भीतीनं.
मी वाचून दाखवलं: खुराडं घरापासून लांब बांधा.
आई मका सोलत होती. मान वर न करता म्हणाली,
"या बाहेर गेल्या, की त्या रात्री भिंतीतल्या
कुणाकडे जेवतील?"

माझ्या वहीत याला रकाना नाही.

खुराडं बांधलं शेवटी, तीस पावलांवर.
भेगा लिंपल्या, फवारणीवाले येऊन गेले.
तरी त्या रात्री आम्ही दोघी
दिवा लावून भिंतीकडे बघत बसलो.
बाहेर कोंबड्या नव्या जागी कुरकुरत होत्या.

चौथ्या बरणीला मी काहीच देत नाही.
पाचवा महिना चालू आहे.
कागदासारख्या चपट्या झाल्यात, कात अडलेली,
पण जिवंत.
काचेपाशी वाकले
की माझा श्वास जिथं लागतो त्या बाजूला
एक-एक करून सरकतात.