वाट सांगते, लिहून घे

रंकाळा स्टँडवरून सहाची गगनबावडा गाडी पकड.
साळवणच्या अलीकडे गुऱ्हाळाचा धूर लागतो,
तिथे उतर. कंडक्टर म्हणेल, हितं स्टॉप न्हाई.
उतरच.

बूट तिथेच आवळून घे, दोन गाठी मारून.
पहिला दीड किलोमीटर उसाच्या बांधावरून आहे,
पाचट टोचतं, पायमोजे लांब घाल.
इथे जोर करू नकोस. सगळे इथेच जोर करतात,
आणि मग चढावर कमरेवर हात ठेवून
निसर्ग बघत असल्याचं सोंग करतात.
मीही केलंय.

ओढा ओलांडलास की जंगल.
पाटी नाही, कुंपण नाही,
फक्त पायाखालचा आवाज बदलतो.
ऐनाची वाळली पानं
नव्या चपलेसारखी करकरतात.
किंजळाच्या जाड बुंध्यापाशी दोन वाटा फुटतात.
मळलेली घेऊ नकोस, ती गुरांची,
पाण्यापाशी जाऊन संपते.
जी वाट वाटत नाही, ती घे.

ही रेहाना शिकलगारने मोजली, त्र्याण्णव साली,
भावाची सायकल हातात धरून.
मागच्या चाकाच्या आरीला तांबडी चिंधी;
चिंधी वर आली की एक.
मी मागून वहीत रेघा ओढायचे,
चार उभ्या, एक आडवी.
शाळेच्या पोरींना खरी वाट पाहिजे, म्हणायची,
ग्राउंडला गोल गोल पळून
घाण्याचे बैल झालेत त्यांचे.

दोन हजार एकशे सहा.
इथवर माझ्या रेघा आहेत.
मग कारवीत एक काळा खडक होता
आणि त्या खडकाने कान हलवला.
गवा. पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे,
म्हणजे तोही पळायलाच आला असावा.
रेहाना म्हणाली, हलू नको.
मी हलले नाही. पेन्सिल हलली असेल.
एक माशी माझ्या ओठावर बसून
निवांत पाय धूत होती.
किती वेळ, विचारू नकोस.
तो वळला, कारवी मोडत खाली उतरला,
आणि आम्ही सायकलसकट सुटलो
ते पार सड्यापर्यंत.
चिंधी किती वेळा वर आली, कुणी बघितलं?

म्हणून ह्या वाटेची लांबी अशी:
दोन हजार एकशे सहा फेरे
अधिक एक गवा.
तीस वर्षं आम्ही हेच सांगत आलोय.
ह्याच मापावर पोरी पळाल्या.
एक पोलिसात गेली. एक नर्स झाली.
एकीला सासरी नको म्हणाले,
ती पहाटे चारला पळायची,
दळण आणायला निघाल्यासारखी, डबा घेऊन.

सड्यावर जांभा लवकर तापतो, नऊच्या आत उतर.
वाडीवर भागीरथी झोरे ताक देईल.
पैसे काढू नकोस, रागावते; काडेपेट्या ने दोन.
ती विचारेल, दुसरी बाई कुठं हाय?
सांग, गुडघे बदललेत तिचे, दोन्ही,
शिरोलीच्या फाउंड्रीत ओतल्यासारखे पक्के.
हे रेहानाचंच वाक्य आहे,
तसंच्या तसं सांग.

तुझ्या मनगटावरचं घड्याळ
दाट झाडीत मधे मधे आंधळं होतं,
तरी शेवटी एक आकडा काढेलच,
दशांशचिन्हासकट.
तो तुझ्यापाशी ठेव. मलाही नको.
संध्याकाळी रेहाना फोन करेल.
ओढ्याला पाणी किती, विचारेल,
किंजळ उभा आहे का, विचारेल,
आणि जरा थांबून, उगाच आठवल्यासारखं,
एकूण किती भरलं गं?

तेव्हा म्हण, घड्याळाचं चार्जिंग संपलं होतं.
ती हसेल. तिला खोटं कळतं.
पण पुढचं काही विचारणार नाही.

परतीची गाडी पावणेबाराला.
चुकली तर दूध संघाच्या टेम्पोला हात कर.
मागे कॅनच्या मधे बसावं लागतं,
आणि तिथे बुटांच्या वासाबद्दल
कुणी काही बोलत नाही.