धरसोड

रेवणगावच्या घाटात क्लच सोडला
की मागचं चाक उड्या मारायचं, धडधडधड,
डिकीतला जॅकसुद्धा वाजायचा.
मी सांगत सुटायचो, इंजिनात दम आहे.

विट्यात दस्तगीर गाडीखाली आडवा,
नुसते पाय बाहेर:
"दम कसला, धरसोड हाय.
टायर रस्ता धरतंय, पाट्यांना पीळ बसतोय,
पीळ उलगडला की सुटतंय, परत धरतंय."
मग माझ्या हातावर ठेवला
रबरी बुश,
चिरलेला, जुन्या खारकेसारखा.

बुश बदलले. शॉक नवे.
पाट्यांचे यू-बोल्ट आवळले.
बिल सांगताना तो पाना पुसत राहिला:
"आन् पाय जरा दमानं.
त्याचा पार्ट मिळत नाय."

काल त्याच चढावर
गाडी गुमान वर गेली.
जॅक वाजला नाही.
मला उगाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.