एकेरी अवतरण

नेऊरगावकर सरांची एकच अट होती :
'विषाणू' हा शब्द येईल तिथे
एकेरी अवतरणात हवा.
"वाचणाऱ्याला कळतं, हे आपलं म्हणणं नाही."
अठ्ठेचाळीस पानं, दोनशे बारा वेळा.
मी नाही मोजले. संगणक मोजतो.

नारायण पेठेत झेरॉक्सच्या दुकानावर पोटमाळा,
खाली लग्नपत्रिका, वर मी.
सर रसायनशास्त्राचे, निवृत्त, सायकलवरून यायचे.
पैसे वेळेवर.
ऱ्हस्वदीर्घाची एक चूक सोडायचे नाहीत.
इतक्या शुद्ध माणसाचं चुकत असेल
असं मनात येत नाही.

उमाकांत तेव्हा ससूनच्या रांगेत.
सकाळी एक गोळी, रात्री एक, आठवा महिना.
वजन सहा किलोनं वाढलेलं
आणि तळपाय जळायचे, रात्रभर, ओल्या फडक्यात गुंडाळून.
ते गोळीनंच. तेवढं पुस्तकात खरं होतं.
समुपदेशक बाईंकडे त्याच्यासाठी चार मिनिटं.
त्यांचा दोष नाही, मागे साठ माणसं,
सगळ्यांची तोंडं भिंतीकडे.

प्रुफं त्याला मीच दिली.
डोळा चांगला होता त्याचा.

पान नऊ : कुणी पाहिलाय का हा 'विषाणू'?
पान एकवीस : मारतात त्या गोळ्या.
पान तीस : उपासमार, चिंता, घाण पाणी,
जुन्याच रोगांचं नवं बारसं.
तीन रात्रींत त्यानं दोन वेलांट्या दुरुस्त केल्या
आणि पान तीसच्या समासात, शिसपेन्सिलीनं :
म्हणजे मी काही केलं नाही?

सरांनी त्याला दीड तास दिला.
स्वतःच्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून दिला.
घरी आई त्याचं ताट वेगळं घासत होती.
जिना चढताना तो शिट्टी वाजवत आला.
मी काय म्हणणार होते?
मी मुखपृष्ठाचा निळा रंग ठरवत होते.

दोन महिन्यांत तळपाय थंड झाले.
बघ, म्हणाला.
पाचव्यात खोकला.
आठव्यात वाचताना ओळीतला शेवटचा शब्द दिसेना,
मग शेवटचे दोन.
मी उचलून ससूनला नेलं तेव्हा
रक्तातला तो आकडा, दोनशे चाळीस असायचा,
एकोणीस होता.
बाईंनी या वेळी अर्धा तास दिला.

वैकुंठात सर आले.
चपला काढून उन्हात उभे राहिले, बराच वेळ.
"गोळ्या किती महिने घेतल्या?"
आठ.
"बघा," म्हणाले. हळू, खरंच दुःखानं,
आणि खिशातल्या डायरीत लिहून घेतलं.
पुढचे अकरा महिने त्यांनी विचारले नाहीत.

पेपरातली छोटी जाहिरात मीच जुळवली.
अल्पशा आजाराने.
बोटांच्या सवयीनं 'अल्पशा'च्या दोन्ही बाजूंना चिन्हं पडली.
आई वाचेल म्हणून खोडली.

आता दुसऱ्या आवृत्तीचा निरोप आहे.
एक प्रकरण वाढवायचंय, 'एका तरुणाची गोष्ट',
नाव बदलून.
काल रात्री जुनी फाईल उघडली,
शोधा, बदला,
दोनशे बारा अवतरणं एका कळीत गेली.
मग वाचून पाहिलं.
एकही वाक्य त्यानं खरं झालं नाही,
फक्त विषाणू जागोजागी उघडा बसला होता,
कुणी म्हणो न म्हणो.

सरांना फोन केला. नाही जमणार म्हटलं.
ते म्हणाले, "तुमच्यासारखी शुद्ध जुळणी कुठे मिळते?"

पहिल्या आवृत्तीच्या सहाशे प्रती.
शेवटच्या पानाच्या तळाशी, बारीक टाइपात,
अक्षरजुळणी : वृषाली तांबट.
चारशे सत्तर विकल्या गेल्यात.
कुठे कुठे आहेत, मला माहीत नाही.
हडपसरला असेल एक, भोसरीला असेल,
कुणाच्या तरी उशाशी,
तळपाय जळतायत म्हणून जागं असलेल्या कुणाच्या.