मिशा आहेत का

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात,
लिलीच्या पानाखाली, सावलीच्या कडेला
काहीतरी हललं.
हललं म्हणणंही जास्तच झालं.
पाण्याची पापणी लवावी, तेवढंच.

"डासाची अळी," रूल्फ वर न बघता म्हणाला.
त्याला सगळ्या बारीक गोष्टी डासाच्याच वाटतात.
पण डासाची अळी डोकं खाली करून लटकते,
हात फिरवला की गाठी मारत मारत बुडते.
हे आडवं होतं. आणि याला मत होतं:
माझी सावली पडली तेव्हा
ते ठरवून डावीकडे गेलं.

मी दह्याच्या डब्याचं पांढरं झाकण आणलं.
ग्रोनिंगेनमधल्या आमच्या या रांगेत, कुणाच्याच मागच्या दारी
याहून मोठी प्रयोगशाळा नसेल.
झाकण तिरकं बुडवायचं, श्वास धरायचा,
आणि पाणी आपणहून आत येईपर्यंत थांबायचं.

पहिल्या खेपेला बेडूकमासा आला, पोट पुढे काढून,
पाहुण्यांआधी जेवलेल्या यजमानासारखा.
दुसऱ्या खेपेला चतुराची अळी;
तिचा जबडा बघून मला धाकटी नणंद आठवली,
लगेच सोडून दिली.
मग बराच वेळ नुसतं पाणी.
मग दोन डोळे.
फक्त दोन डोळे, शाईच्या टिंबांएवढे,
आणि त्यांच्यामागे काचेचा एक धागा,
ज्याच्या आरपार झाकणावरचा सुरीचा ओरखडा दिसत होता.

मासाच. पण कुणाचा?

आमच्या डबक्यात सोनमासे तीन, तिघांनाही मिशा नाहीत.
आणि एक पाहुणा: हार्मचा कोई,
पांढरा, पाठीवर गंजाचा डाग पडल्यासारखा.
एप्रिलमध्ये हार्मला घरातला जिना चढवेना झाला,
तेव्हा त्याने कुंपणावरून बादली दिली.
"तात्पुरतं," म्हणाला.
आम्ही दोघंही बादलीतच बघत होतो.

पुस्तक सांगतं, रंगावर जाऊ नका.
सोनमाशाचं पिल्लू सोन्याचं नसतंच,
ते असतं शेवाळाच्या, चहाच्या गाळाच्या रंगाचं,
आणि काही जन्मभर तशीच राहतात,
कुणाचं काही बिघडत नाही.
ओठांच्या कोपऱ्यांत बघा, म्हणतं पुस्तक.
कोईच्या वंशाला मिशा फुटतात.

जुलैभर मी ओठ बघितले.
तिळाएवढ्या तोंडाचे ओठ
तुम्ही कधी बघितलेत?
अठ्ठावीस मोजली. मग एकोणीस. मग अकरा.
कोण खातं ते मला माहीत होतं,
त्यांचेच आईबाप, ज्यांना मी रोज सकाळी
मूठ मूठ दाणे टाकत होते.
रूल्फ यावर काही बोलला नाही.
एका संध्याकाळी मात्र गुडघाभर पाण्यात उतरला,
भोकांच्या विटा रचून त्याने एक कोपरा केला,
मोठं तोंड शिरणार नाही असा.

सप्टेंबरात, काकडीच्या लोणच्याची रिकामी बरणी
टॉवेलात गुंडाळून, सायकलच्या टोपलीत,
कालव्याच्या काठाने हार्मच्या नव्या खोलीपर्यंत.
तिसरा मजला. खिडकीतून गाड्यांची टपं दिसतात.
त्याने बरणी उजेडात धरली. हात थरथरत होता,
म्हणून पाणी, म्हणून पिल्लूही.
मी सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाला, "थांब."
चहाची गाडी आली, गेली.
त्याने चष्मा काढला, काचेला नाक टेकवलं.

"एका बाजूला आहे," तो म्हणाला.
"दुसऱ्या बाजूची मला दिसत नाही."

भिंग लावून चार दिवस बघत होते मी.
दुसऱ्या बाजूची मलाही दिसली नव्हती.
पण एक होती, जराशी वाकडी,
हार्मच्या हनुवटीवर वस्तऱ्यातून सुटलेल्या
त्या पांढऱ्या केसाहून कितीतरी बारीक.

येताना वारा समोरून. बरणी हिंदकळत होती.
रूल्फ दारातच उभा: "मग? कुणाचं ठरलं?"
मी आधी पिल्लाला पाण्यात सोडलं.
ते विटेच्या भोकात शिरलं,
शेपटी तेवढी बाहेर राहिली.