उणे एक

पहिला फॉर्म मीच केला होता,
दोन हजार चार साली, दिवाळीच्या सुटीत.
पिवळ्यावर लाल अक्षरं.
मिरचीचं दुकान, दुसरा रंग कुठून सुचणार?
नाव, गाव, पोती, सुकी का, भाव.
खाली एक बटण : पट्टी काढा.
ते दाबलं की प्रिंटर खोकायचा
आणि मागोमाग मी.

मग काटा झाला, तिथे एक कॉपी.
पथारीवर एक. शीतगृहात एक.
संध्याकाळी सुपडू खिशातून पेनड्राइव्ह काढायचा,
चुन्याने पांढरा पडलेला,
आणि कोणाची फाइल शेवटची
यावर चहा निवायचा.
गुलाब पाडवी काट्यावर गुलाबसिंग,
पथारीवर जी. टी.,
माझ्याकडे अजून गुलाब्या.
तो खिडकीत वाकून विचारायचा,
"भाऊ, मन्ही पट्टी कव्हय निंघी?"
तिघांपैकी कोणाची, हे त्याला कसं विचारू?

सोमवारी धुळ्याहून तेजल बडगुजर आली.
बॅग ठेवली, शिंकली, पुन्हा शिंकली.
नंदुरबारात नवा माणूस असाच नमस्कार करतो.
म्हणाली, काका, फॉर्म तुमचेच राहतील,
टेबलं तेवढी सर्व्हरवर जातील.
म्हणजे ओसरी माझी
आणि कणगी दुसऱ्याच्या घरात.
हे मी मनात म्हटलं.
तोंडाने म्हटलं, चहा घेणार?

तिने विचारलं, "सुकी"च्या खान्यात हो म्हणजे काय?
हो म्हणजे हो.
तसं नाही काका, तुमच्या फाइलीत हो म्हणजे उणे एक.
सर्व्हरवर हो म्हणजे एक.
इतकी वर्षं मी टिक करत होतो
आणि आत माझा प्रत्येक होकार
उण्यात जमा होत होता.
एकदाही हिशोब चुकला नाही, म्हणून कळलं नाही.
तिकडे तिसरंही असतं, ती म्हणाली,
ना हो, ना नाही, खाना कोराच.
त्याला तुमचा फॉर्म अडतो.
मी म्हटलं, यार्डात त्याला आम्ही
"बघू" म्हणतो.

दुपारी जोडणी झाली.
टेबलाच्या नावापुढे एक चिमुकली पृथ्वी उगवली.
उघडलं तर अकरा हजार ओळी
आणि खान्याखान्यात एकच शब्द :
डिलीटेड. डिलीटेड. डिलीटेड.
पंख्याचा आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला.
"गेलं काही नाही," ती शांतपणे म्हणाली,
"किल्ली जुळत नाही. तिकडचा आकडा मोठा आहे,
तुमच्या फॉर्मला तो वाचता येत नाही."
मग तिने आकडा लहान केला
आणि माणसं परत आली,
गावासकट, पोत्यांसकट.

एकच टेबल हट्टाला पेटलं.
हमालांचं.
दिसत होतं सगळं, बदलता काही येईना.
"याला किल्लीच नाही, काका.
नंबर का नाही दिले?"
कशाला देऊ? चेहऱ्याने ओळखत होतो सगळ्यांना.
एक डोळा बारीक करून पोतं उचलणारा जेमा,
सीझन संपला की सुरतेला जाणारे दोघे भाऊ,
आणि तो खंडू, जो नाव विचारलं की हसायचा,
म्हणून त्याच्या नावाच्या खान्यात
मी "हसरा" लिहून ठेवलं होतं.
"आत्ता देते नंबर, दोन मिनिटं."
राहू दे, म्हटलं.
ह्यातले निम्मे आता येत नाहीत.
नुसतं दिसलं तरी चालेल.

ती साडेपाचच्या बसने गेली.
मी गुलाब पाडवी उघडला, आता एकच उरलेला,
"सिंग" पुसावं की ठेवावं या विचारात,
तर पडद्यावर पाटी आली :
ही ओळ दुसरं कोणीतरी बदलत आहे.
दुसरं कोणीतरी!
वीस वर्षांत या फाइलीत
माझ्याशिवाय कोणी आत आलं नव्हतं.

फोन वाजला.
काट्यावरून सुपडू.
"काका, गुलाबभाऊ समोर उभे आहेत,
जरा हात काढा ना."