प्रतवारी

मुद्देमाल क्रमांक सत्तावीस: गोणपाट एक.
आत बेदाणा, वजन चौदा किलो.
लाखेची सीलं तीन, त्यातल्या एकाखालून मुंग्यांची ये-जा.

मी तासगाव कोर्टाचा मुद्देमाल कारकून.
माझ्या खोलीत कोयते आहेत, बंद पडलेले मोबाइल आहेत,
एका बाईची चप्पल आहे, डावी,
अपिलाची मुदत संपेतो तिला हलवायचं नाही.
एकतीस वर्षांत कलमं अशी अंगात मुरली
की लॉजवर तीनशेदोन नंबरची खोली मिळाली
तेव्हा मी बदलून घेतली.
मग एका जुलैत आकडेच फिरले.
खून एकशेतीनवर गेला, चोरी तीनशेतीनवर,
पण बाजारात कुणी कुणाला तीनशेअठरा म्हणत नाही,
फसवणारा अजून चारशेवीसच.
कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही,
हे मी दर आठवड्याला कुणाला तरी सुनावतो
आणि जुन्या-नव्याचा तक्ता ड्रॉवरमध्ये दडवून ठेवतो.

आरोपी मालन तातोबा कोळेकर, वय एकेचाळीस,
आवटींच्या शेडवर बेदाणा निवडणारी.
हिरवा, पिवळा, गोल, लांब, काळा:
नजर पडायच्या आत तिची बोटं निकाल देतात.
आमच्याही चाळण्या आहेत.
दखलपात्र, अदखलपात्र, जामीनपात्र, तडजोडपात्र.
फक्त आमच्या चाळणीतून माणूस
खाली पडायला चार-चार वर्षं लागतात.

चनाप्पा आवटींनी शपथेवर सांगितलं:
एक नंबर माल, किलोला चारशे.
चौदा चोक छप्पन्न. पाच हजार सहाशे.
नव्या कलमात पाच हजारांवर एक रेघ आहे.
रेघेच्या आत, पहिलीच वेळ, माल परत,
तर समाजसेवा.
रेघेबाहेर तीन वर्षांपर्यंत तुरुंग, किंवा दंड, किंवा दोन्ही.
त्या दोन ‘किंवा’ंमध्ये
कितीजणांची पोरं मोठी झालेली मी पाहिली.

पिंजऱ्यातून मालन म्हणाली,
‘एक नंबर न्हाई ते. काळं हाय. धुरीत करपल्यालं,
चाळणीखालचं. निवडून दावू?’

विधी सेवेचे गुरव वकील ताडकन उठले:
‘आरोपीनं काही शाबीत करायचं नसतं, मॅडम.
ओझं सरकार पक्षावर असतं.’
‘गप बसा की,’ मालन म्हणाली,
‘चौदाच किलोचं हाय.’

मॅडमनी चष्मा काढला, पुन्हा घातला.
सील मी फोडलं. लाखेचा तुकडा पंचनाम्यावर पडला,
आणि कोर्टात गंधकाचा वास पसरला,
पलीकडच्या खटल्यातला एक पंच शिंकला.
तिनं आधी पंखा बंद करायला लावला.
मग हात.

सरकारी वकील घड्याळ बघत होते,
ते थोड्या वेळानं तिच्या बोटांकडे बघू लागले.
काळा. काळा. देठ. काळा. खडा.
टेबलावर ढीग वाढला, एकाच बाजूला.

जवळजवळ तळाशी ती थांबली.
एक दाणा उजेडाकडे धरला.
‘ह्यो हिरवा. लांब. ह्यो तेवढा चोरला, लिवा.’

इतकं क्षुल्लक नुकसान, की शहाण्यानं तक्रारच करू नये,
ते गुन्ह्यात धरायचं नाही, असं एक कलम आहे.
त्याचा जुना आकडा मला आठवला, नवा नाही.
हेतूचंही तसंच. त्याच्यावाचून चोरी होत नाही,
पण तो माझ्याकडे कधी जमा झाला नाही,
त्याला गोणपाट लागत नाही, लाख चिकटत नाही.
त्या दिवशी तो दोन बोटांत दिसला, वाटलं.
वाटणं पुराव्यात येत नाही.

किलोला शंभरचा भाव धरला गेला.
टाकलेलं झालं तरी दुसऱ्याचंच, असं मॅडम म्हणाल्या,
आणि गुन्हा शाबीत झाला.
ग्रामीण रुग्णालयात तीस दिवस, रोज दोन तास, झाडलोट.
मालननं विचारलं, सकाळी का सांजचं?
शेडवर आठला हजेरी असते.

संध्याकाळी आवटी माल न्यायला आले.
गोणपाटाचं तोंड उघडून आत डोकावले.
‘हा कचरा मी गाडीत कुठं घालू?’
मी रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं.
‘सही करा,’ म्हटलं.